साडेत्रेसष्ट अंशांतलं माटुंगा

समोरासमोरच्या दोन इमारतींमध्ये वीस फूट मोकळी जागा असेल, तर त्या किती उंच असाव्यात? मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचं उत्तर होतं, चाळीस फूट. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढायची. ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करता कामा नये. हा कोन अशासाठी, की त्यात उंची बरोबर मोकळ्या जागेच्या दुप्पट येते. ओव्हरसियरला कोष्टक बघायलाही नको. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१० च्या आसपास हा नियम लावून धरला. माटुंग्याच्या जुन्या गल्लीत आजही तळमजल्याच्या स्वयंपाकघरात सकाळी दिवा लावावा लागत नाही, त्यामागे अशी साधी भूमिती आहे.

माटुंग्याबद्दल बोलताना लोक इडलीपासून सुरुवात करतात. इथे मुद्दाम कोनापासून केली आहे, कारण माटुंगा हे ‘मिनी इंडिया’ आहे, इथले लोक मुळातच मिळूनमिसळून राहणारे, अशी जी गोड समजूत आहे ती पुरती खरी नाही. वस्तीत नाना जातीधर्मांची, भाषांची माणसं आली आणि टिकली, ती प्लॉटचा आकार, भाड्याची पद्धत, घराचं क्षेत्रफळ आणि तळमजल्याचा गाळा या चार रुक्ष गोष्टींमुळे. स्वभावाचा भाग होता, पण तो नंतरचा. आणि आज पुनर्विकासात नेमक्या या चार गोष्टी एकाच वेळी बदलत आहेत. त्यामुळे प्रश्न ‘जुनं जपावं की नवं बांधावं’ हा नाही. नवं बांधताना हे चार खिळे पुन्हा ठोकायचे की नाहीत, हा आहे.

आधी वस्ती उभी कशी राहिली ते पाहू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी बंदराच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत निम्मं शहर गावी पळालं, गिरण्या ओस पडल्या, आणि सरकारला साक्षात्कार झाला की दाट चाळींत हवा-उजेड नाही. (उंदीर-पिसवांचं शास्त्र तेव्हा पक्कं झालं नव्हतं. निदान अर्धवट असताना उपाय बरा निघाल्याची उदाहरणं फार नसतात, त्यातलं हे एक.) १८९८ च्या कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने एका हाताने जुन्या शहरातल्या दाट वस्त्या पाडल्या, मजुरांसाठी बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळी बांधल्या. दुसऱ्या हाताने उत्तरेकडची भातशेती, दलदल आणि वाड्या संपादन करून दादर-माटुंगा-वडाळा-शीव हा नवा परिसर आखला. दादर-माटुंग्यात साठ हजार आणि शीव-माटुंग्यात तेवढीच माणसं राहतील, असा हिशेब होता. शहरातली ही पहिली मोठी आखीव वसाहत.

आखणी १८९९-१९०० ची, पण पुढची वीस वर्षं तिथे फारसं कुणी गेलं नाही. माणूस नोकरीच्या जागेपासून लांब जायचा तर रोजच्या प्रवासाची सोय हवी. ट्राम दादरपर्यंत आली, पुढे किंग्ज सर्कलपर्यंत वाढली. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला हार्बर मार्गावर विजेची गाडी धावू लागली. त्यानंतर वस्ती भरली. ‘दादर टीटी’ या नावातला ट्रामचा शेवटचा थांबा १९६४ मध्ये गेला, तरी टॅक्सीवाला आजही टीटीच म्हणतो.

आता पहिला खिळा, प्लॉट. ट्रस्टने जमीन एकाच मोठ्या कंपनीला दिली नाही. लहान-मध्यम तुकडे पाडले, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने एकेकाला दिले, आणि बांधकाम त्याच्यावर सोडलं. म्हणजे एका गल्लीत वीस इमारती तर जवळपास वीस मालक. कुणी कच्छी व्यापारी, कुणी गुजराती, कुणी निवृत्त सरकारी अधिकारी. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे, आपापल्या ओळखीतल्या कंत्राटदाराकडून तळमजला अधिक दोन मजले उभे केले. एक मालक तमिळ भाडेकरू नको म्हणाला, तर शेजारचा हो म्हणे. वीस मालकांचे वीस पूर्वग्रह असतात, आणि एकमेकांना छेद देणारे वीस पूर्वग्रह हे एका मालकाच्या उदारपणापेक्षा जास्त भरवशाचे.

दुसरा खिळा भाड्याचा. पालघाट, तंजावर, तिरुनेलवेलीहून आलेला तरुण रेल्वेच्या किंवा फोर्टमधल्या कंपनीच्या कचेरीत टायपिस्ट, स्टेनो, हिशेबनीस म्हणून लागे. त्याच्यापाशी भांडवल नव्हतं. दरमहा येणारा पगार होता. घर विकत घ्यायची वेळ आली असती तर तो माटुंग्यात पाऊल ठेवू शकला नसता. घर भाड्याने होतं, म्हणून पहिल्या पगारावर तो खानावळीत राहिला, चौथ्या-पाचव्या वर्षी दोन खोल्या घेऊन बायको-आईला आणलं, मग धाकट्या भावाला बोलावलं. उडुपीकडचे हॉटेलवाले, मंगळूरकडचे सारस्वत, केरळी नायर, म्हैसूरकडचे कानडी असेच एकामागून एक आले. मुंबईने या चार-पाच भाषांच्या माणसांना एकच नाव दिलं, ‘मद्रासी’. गावी एकमेकांकडे पाणी न पिणारे इथे एका शिक्क्याखाली आले आणि पुढे त्यांनीही तो शिक्का वापरून घेतला: १९३२ ची साऊथ इंडियन एज्युकेशन सोसायटी ही त्या एकत्र नावाची सगळ्यात टिकाऊ निर्मिती.

तिसरी गोष्ट घराचा आकार आणि रचना. माटुंगा-दादरमध्ये ‘ब्लॉक’ हा शब्द रूढ झाला तो विशिष्ट अर्थाने. ब्लॉक म्हणजे दाराच्या आत स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःची न्हाणी आणि स्वतःचा संडास असलेलं घर. आज हे सांगण्यासारखं वाटत नाही. पण तोवर मध्यमवर्गीय माणसाला मुंबईत चाळ माहीत होती, तिथे संडास गॅलरीच्या टोकाला आणि सगळ्यांचा. तो घरात आणायला सोवळ्या घरांचा विरोध होता. स्वयंपाकघरापासून चार पावलांवर संडास म्हणजे काय! तोड अशी निघाली: संडास घराच्या मागच्या टोकाला, त्याला बाहेरून वेगळं दार, आणि त्या दारापर्यंत येणारा मागच्या बाजूचा लोखंडी गोल जिना. घरातली माणसं पुढच्या जिन्याने, सफाई कामगार मागच्या. कामगार घरात पाऊल न टाकता वरच्या मजल्यापर्यंत जाऊन उतरायचा.

हे गोल जिने आजही अनेक इमारतींच्या मागे लटकत आहेत. पायऱ्या गंजून जाळी झालेल्या, खालची दोन-तीन वेटोळी कापलेली, कठड्याला कुणीतरी मनीप्लांट सोडलेला. वारशाच्या छायाचित्रांत पुढच्या बाजूची गोलाकार बाल्कनी येते, मोझॅकचा जिना येतो, रंगीत काच येते. मागचा जिना येत नाही. नकाशाने माणसं एकत्र आणली आणि त्याच नकाशाने कोण कुठल्या बाजूने चढणार हेही ठरवलं. माटुंग्याच्या वैविध्याचं कौतुक करताना हा जिना सोडून चालणार नाही.

जिना लहान प्रमाणावर जे करतो तेच रेल्वेचे रूळ मोठ्या प्रमाणावर करतात. रुळांच्या पूर्वेला बागा, कॉलेजं, ब्लॉक. पश्चिमेला धारावीला लागून माटुंगा लेबर कॅम्प, म्हणजे शहर झाडणाऱ्या-धुणाऱ्या कामगारांची, कातडी कमावणाऱ्यांची, बहुतांशी दलितांची वस्ती. नावात माटुंगा दोघांच्याही. अण्णाभाऊ साठ्यांच्या शाहिरीचा सुरुवातीचा काळ या लेबर कॅम्पाशी जोडलेला आहे. मिनी इंडियाच्या वर्णनात मात्र हा भाग क्वचितच मोजला जातो. आणि याच आखणीच्या दादरच्या टोकाला, हिंदू कॉलनीत, परळच्या बीआयटी चाळीत वीसहून अधिक वर्षं काढलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘राजगृह’ बांधलं. मोठा भाग ग्रंथालयासाठी ठेवला. ट्रस्टची चाळ आणि ट्रस्टचा प्लॉट, दोन्ही ज्यांनी आतून पाहिले अशी माणसं थोडी. एका अस्पृश्य बॅरिस्टरला हिंदू कॉलनीत भाड्याने ब्लॉक मिळाला असता का, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. प्लॉट घेता आला, कारण तो ट्रस्टचा होता.

वेगळेपण जपण्याचीही सोय या आखणीत होती. ट्रस्टमधले अभियंते मंचरजी जोशी यांनी कनिष्ठ मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले. दादर पारशी कॉलनी त्यातून उभी राहिली. पाच बागा तिला लागून. या कॉलनीला भिंत किंवा फाटक नाही, हा तपशील फार महत्त्वाचा आहे. घरं एका समाजाची, पण रस्ते, झाडं, बाकडी सगळ्या गावाची. जवळच्या रुईया-खालसा कॉलेजांची पोरं पाच बागांत बसून परीक्षेचा अभ्यास करतात, त्यांना कुणी ओळखपत्र विचारत नाही. एका समाजाची वस्ती आणि बंदिस्त वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या टॉवरमध्ये जातीचा नियम कागदावर नसतो, पण फाटक, रखवालदार आणि पोडियम, म्हणजे पार्किंगसाठी उचललेला चौथरा, असतो. दोन्हींत शहराला जास्त घातक काय, याचं उत्तर आम्ही तरी फाटक असंच देऊ.

राहत्या घरांइतकंच वजन संस्थांचं. व्हीजेटीआय हे अभियांत्रिकी कॉलेज १९२३ मध्ये माटुंग्यात आलं. पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीने १९३७ मध्ये रुईया कॉलेज काढलं, त्याच वर्षी अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने खालसा कॉलेज, १९४१ मध्ये पोदार. १९३३ मध्ये सुरू झालेला विद्यापीठाचा रसायन तंत्रशास्त्र विभागही पुढच्या दहा वर्षांत इथे आला. दोनेक किलोमीटरच्या आत मराठी मंडळीचं कॉलेज, शिखांचं कॉलेज, डॉन बॉस्कोची शाळा, तमिळांची शाळा, म्हैसूर असोसिएशनचं सभागृह, आस्तिक समाजाचं देऊळ, जैन मंदिर, किंग्ज सर्कलच्या सारस्वतांचा पाच दिवसांचा गणपती, आणि थोडं पुढे शीवच्या बाजूला कर्नाटक संगीताची षण्मुखानंद सभा. यातली जवळपास प्रत्येक संस्था एका समाजाने आपल्या माणसांसाठी काढली आणि चालवायला मात्र बाहेरच्यांची गरज पडली. कॉलेजला विद्यार्थी हवे, सभागृहाला भाडं हवं, खानावळीला जेवणारे हवे. हिशेबाची गरज ही सलोख्याची फार चांगली आई आहे.

चौथा खिळा, तळमजल्याचा गाळा, जवळून बघायचा तर कॉफीचं दुकान घ्या. रुंदी आठ-नऊ फूट. दर्शनी फळीवर भाजलेल्या बियांचे डबे: प्लांटेशन, पीबेरी, रोबस्टा. मागे एक भाजणी यंत्र, एक दळणी यंत्र, वजनकाटा. गिऱ्हाईक दारातूनच सांगतं, ‘अर्धा किलो, पीबेरी-प्लांटेशन निम्मं निम्मं, चिकोरी वीस टक्के’. चिकोरी वीसच्या वर गेली की काढा दाट दिसतो पण चव गुळचट कडू होते. अजिबात नसली तर पितळी फिल्टरमधून पाणी भराभर उतरतं आणि दुधात कॉफी हरवते. दळण फार बारीक झालं तर फिल्टरची भोकं बुजतात. हे सगळं दुकानदाराला ठाऊक असतं आणि कुठल्या घराला किती टक्के लागते हेही. असं दुकान पिशवीभर मालावर, थोड्या नफ्यावर चालतं. शेजारी केळीची पानं आणि अबोलीचे गजरे विकणारी बाई, त्याच्या पलीकडे पूजेच्या सामानाचं दुकान, कोपऱ्यावर इराणी. या दुकानांचं अर्थशास्त्र दोन गोष्टींवर उभं आहे: जुनं भाडं, आणि फुटपाथला लागून उघडणारं दार. यातली एक काढली तरी दुकान आजारी पडतं, दोन्ही काढली तर बंद.

इथवर वाचून कुणाला वाटेल की जुनी भाडेपद्धत म्हणजे रामराज्य. तसं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि मग १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठली. त्याने टायपिस्टाच्या विधवेला माटुंग्यात राहता आलं, हे खरं. त्याच कायद्याने नव्या टायपिस्टाला मात्र दार बंद केलं. भाडं वाढत नाही म्हटल्यावर मालकाने नवं घर भाड्याने देणं थांबवलं; जुनं घर बदललं तर पागडी, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे. १९९९ च्या कायद्याने पागडी उघडपणे मान्य केली आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली, पण मूळ आकडा पन्नास-साठ रुपयांचा असेल तर चार टक्क्यांनी मालकाचा चहाही सुटत नाही. थोडक्यात, भाडे नियंत्रणाने माटुंग्याचं वैविध्य लोणच्यासारखं मुरवलं आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं. आत जे होतं ते टिकलं, नवी फोड पडली नाही. १९६०-७० च्या दशकांत दाक्षिणात्यांविरुद्ध रस्त्यावर मोहीम झाली, हॉटेलांवर दगड पडले, तरी माणसं हलली नाहीत, याचं एक कारण धैर्य असेल; दुसरं, साठ रुपयांचं भाडं सोडून जाणार कुठे?

इमारतींची अवस्था हाही भावनेचा विषय नाही. १९३० च्या दशकातलं आरसीसी हे या शहरातलं सुरुवातीचं आरसीसी. सळईवरचं काँक्रीटचं आवरण पातळ. न्हाणी-संडासाची लादी खाली भराव घालून बसवलेली. ऐंशी-नव्वद वर्षांत सांधे सुटतात, पाणी भरावात मुरतं, स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोचतं. गंजलेली सळई फुगते, ती फुगली की काँक्रीट खालून पोपडा सोडतं. घरमालक वरून डांबर किंवा पत्रे घालतो, भाडेकरू आतून गिलावा करतो, मूळ पाझर तसाच. मग एक दिवस जिन्याखाली लोखंडी टेकू येतात आणि दहा वर्षं तिथेच राहतात. १९६९ पासून भाडेकरूंकडून दुरुस्ती उपकर घेतला जातो, तेव्हा शहरात अशा १९,६४२ इमारती होत्या. दुरुस्ती मंडळ पुरं पडलं नाही हे सांगायला आयोग नको. म्हणून पुनर्विकास नको म्हणणाऱ्यांच्या बाजूला आम्ही नाही. टेकूखालून जाणाऱ्या माणसाला वारशाचं व्याख्यान देणं हा उद्धटपणा आहे. २०१२ मध्ये महापालिकेने वारसा परिसरांची वाढीव यादी मांडली तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी जो विरोध केला, तो याच उद्धटपणाला होता. यादी दर्शनी भिंतीबद्दल बोलते. गळक्या स्लॅबचा खर्च कोण देणार याबद्दल गप्प असते.

प्रश्न आहे तो पुनर्विकासाच्या गणितात. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यासाठी केलेल्या विकास नियंत्रण नियमावलीतला ३३(७) हा नियम उपकरप्राप्त इमारतींना लागतो. चटई क्षेत्र निर्देशांक ३, म्हणजे प्लॉटच्या तिप्पट बांधकाम, किंवा जुन्या रहिवाशांना लागणारं क्षेत्र अधिक ५० टक्के बक्षीस, यात जे जास्त ते. प्लॉट एकत्र केले तर बक्षीस वाढतं: दोन ते पाच प्लॉटना ६० टक्के, सहा किंवा अधिकांना ७०. निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई, मालकी हक्काने. संमती ५१ टक्क्यांची.

एक उदाहरण मांडू. ८०० चौरस मीटरचा प्लॉट, निम्म्या भागावर बांधकाम, तीन मजले: जुनं बांधकाम १,२०० चौरस मीटर, समजा पंधरा घरं. तीनच्या निर्देशांकाने २,४०० मिळतात. निम्मे जुन्यांना, निम्मे विक्रीला. विक्रीच्या १,२०० मध्ये बिल्डर पन्नास मीटरची चोवीस घरं काढू शकतो किंवा दीडशेची आठ. तो आठच काढतो. माटुंग्यात दीडशेचा खरेदीदार मिळतो, जिने-संडास-नळजोड कमी लागतात, सौदे कमी करावे लागतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नियम त्याला आकार विचारतच नाही. परिणाम असा की इमारतीतली नवी सगळी माणसं एका उत्पन्नगटातली, बहुधा एका-दोन समाजांतली. आणि प्लॉट जोडण्याला जे बक्षीस आहे ते सरळ पहिल्या खिळ्यावर घाव घालतं: वीस मालकांच्या जागी एक.

उजेडाचंही पाहा. दोन टॉवर, मध्ये सहा मीटर, म्हणजे तेच वीस फूट. साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाने सहा मीटरला बारा मीटर उंची चालते. तीन मीटरचा एक मजला धरला तर समोरच्या माथ्याखालचे फक्त वरचे चार मजले शतकापूर्वीच्या कसोटीत पास होतात. बावीस मजली इमारत असेल तर खालचे अठरा नापास. आजच्या नियमांत उंचीप्रमाणे जास्त जागा सोडायला सांगितलेली आहे, पण पुनर्विकासाला त्यात सवलत आहे आणि उरलेली तूट अधिमूल्य भरून माफ होते. प्लेगने शिकवलेला धडा आता पैसे भरून ऑप्शनला टाकता येतो. आणि जुने भाडेकरू कुठल्या मजल्यांवर? खालच्या. विक्रीची घरं वर, कारण उजेडाला भाव आहे.

देखभालखर्च हा तर सगळ्यात शांत बेदखल करणारा. लिफ्ट, अग्निशमनाचे पंप, स्प्रिंकलर, यांत्रिक पार्किंग, सांडपाणी प्रक्रिया. समजा महिन्याला चौरस फुटामागे दहा रुपये. सहाशे फुटांच्या घराला ६,०००, वर्षाला ७२,०००. ही रक्कम व्याजातून निघायची तर सहा टक्क्यांनी बारा लाखांचा कॉर्पस, म्हणजे राखीव ठेव, घरामागे हवा. त्यातही खर्च वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत गेला तर बारा वर्षांत तो दुप्पट होतो आणि व्याज तिथेच राहतं. सत्तरीतल्या निवृत्त शिक्षिकेला मालकी हक्काचं घर मिळालेलं असतं, पण ते सोडून ती डोंबिवलीला जाते. कुणी तिला काढलेलं नसतं. कागदोपत्री ते स्थलांतरही नसतं, गुंतवणूक असते.

मग सोसायटीची गाळणी. भाडेकरूंची इमारत सहकारी संस्था झाली की पूर्वी मालकाकडे असलेला निवडीचा अधिकार व्यवस्थापक समितीकडे येतो, निदान समितीला तसं वाटतं. ‘आपल्याकडे शाकाहारीच’, ‘एकटी मुलगी नको’, ‘त्यांच्यातले नको’. हे लिहून कुणी देत नाही, एजंटाला फोनवर सांगितलं जातं. कायदा काय म्हणतो? राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्यात सदस्यत्व खुलं आहे. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही, आणि अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तो सदस्य झाला असं धरतात. आदर्श उपविधींनुसार विक्रीला सोसायटीचा ना-हरकत दाखला लागत नाही. पण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या प्रकरणात, उपविधीतच सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवलं असेल तर ते चालेल असं ठरवलं. आकसत चाललेल्या छोट्या समाजासाठी त्यात काही तथ्य आहे. ज्यांची संख्या आणि पैसा दोन्ही वाढते आहेत त्यांनी त्याच निकालाची ढाल करावी, हे मात्र पटणारं नाही. आणि भाड्याने देण्याच्या बाबतीत तर अर्जही नसतो, नकारही नसतो. फक्त फोन उचलला जात नाही.

नव्या टॉवरच्या नकाशात आणखी एक गोष्ट सापडते. मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराशी उघडणारी सर्व्हिस लिफ्ट. सामानासाठी म्हणून दाखवलेली असते. लॉबीत पाटी लागते ती ‘घरकाम करणाऱ्यांनी ही लिफ्ट वापरावी’ अशी. गोल जिन्याला आता बटण आलं आहे.

यावर करण्यासारखं बरंच आहे, आणि ते सगळं क्रांतिकारक नाही. विक्रीच्या क्षेत्रातला ठरावीक वाटा, निदान एक तृतीयांश, पन्नास-साठ चौरस मीटरच्या आतल्या घरांचा असावा, ही अट ३३(७) मध्ये घालता येते. बक्षीस क्षेत्र सरकार देतं, तर त्याचा आकार विचारण्याचा हक्क सरकारला आहे. प्लॉट जोडल्याबद्दलचं जादा बक्षीस मालकांची संख्या कमी केल्याबद्दल न देता, गल्लीच्या पातळीवर मोकळ्या जागा एकत्र केल्याबद्दल द्यावं. बिल्डरकडून दुरुस्ती मंडळाला जी घरं येतात त्यांतली काही तिथल्याच संस्थांच्या शिक्षकांना, परिचारिकांना, सफाई कामगारांना मुदतीच्या भाड्याने द्यावीत. मालकीने दिली की पाचेक वर्षांत बाजारात जातात. बाकी उजेडाची तूट पैसे घेऊन माफ करणं रहिवाशांच्या मजल्यांपुरतं तरी बंद करा. एवढी एक ओळ नियमावलीत आली तर नकाशे आपोआप बदलतील.

आणि रहिवाशांनी स्वतः? किंग्ज सर्कलला तुळपुळे उड्डाणपुलाखाली पार्किंग आणि कचरा येणार हे दिसल्यावर इथल्याच लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २०१६ मध्ये तिथे लांबलचक बाग करवून घेतली. तीच चिकाटी संमतिपत्रावर सही करण्याआधी वापरायची आहे. ५१ टक्क्यांच्या सभेत सगळी चर्चा जादा फुटांवर आणि बांधकाम चालू असतानाच्या तात्पुरत्या घराच्या, म्हणजे ट्रान्झिटच्या, भाड्यावर होते. विचारायचं ते असं: आमची घरं कुठल्या मजल्यांवर, आणि समोरच्या भिंतीपासून किती मीटर? घरामागे कॉर्पस किती, तो संस्थेच्या नावावर ताबा देण्याआधी की नंतर? विक्रीच्या आणि आमच्या घरांची प्रवेशदारं, लिफ्ट, गच्ची एकच की वेगळी? संस्था एक की दोन? वेगळ्या विंगची वेगळी संस्था झाली तर पंप-लिफ्टचा वाटा कोण कसा मोजणार, हे करारनाम्याच्या परिशिष्टात आकड्यांनी लिहून घ्या; ‘समप्रमाणात’ या शब्दावर पुढे दहा वर्षं भांडण चालतं.

दुकानदारांचं सगळ्यात शेवटी येतं, नेहमीप्रमाणे. नियमाने त्याला जुन्याइतकं क्षेत्र मिळतं, पण क्षेत्र म्हणजे दुकान नव्हे. करारात गाळ्याची रस्त्याकडची रुंदी फुटांत लिहा. जोतं फुटपाथपासून एका पायरीपेक्षा उंच नको. पार्किंगसाठी पोडियम उचलला की गाळा सहा पायऱ्या चढतो आणि केळीची पानं घ्यायला कुणी सहा पायऱ्या चढत नाही. भाजणी यंत्राला लागणारा थ्री-फेज वीजजोड आणि धुराड्याची नळी गच्चीपर्यंत न्यायची वाट नकाशातच दाखवून घ्या, नंतर वरच्या मजल्याचे सदस्य ती काढू देत नाहीत. बांधकामाची चार-पाच वर्षं गाळा त्याच गल्लीत मिळायला हवा, दोन स्टेशनं पलीकडे नको. चिकोरी किती टक्के हे ठाऊक असलेलं गिऱ्हाईक तेवढ्या काळात पाकीटबंद पावडरीवर जातं आणि परत येत नाही.